धुणे धुणाऱ्या बाईची कंपनी आणि समाजाचे ऋण

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन ग्रामीण तालुके. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. पण त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हाच पाणी. मुरबाडकडे धसई, टोकावडे, सरळगाव आणि शहापूरकडे डोळखांब, किन्हवली, कसारा या पट्ट्यातला कातकरी, ठाकूर, बौद्ध आणि इतर कष्टकरी समाज भातकापणी आटोपली की कामाच्या शोधात बाहेर पडतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडीच्या गोदामात, कोणी कल्याणच्या नाक्यावर. अशा या भागात आता एक नवा माल पोहोचला आहे. केसगळती थांबविणारी गोळी, केस वाढविणारी पावडर, टक्कल घालविणारे तेल. कंपन्या त्याला हेअर सप्लिमेंट म्हणतात. मोबाईलवर जाहिरात झळकते, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो दाखविला जातो, आणि महिन्याच्या एका डब्यासाठी शेतमजूर बाईची कित्येक दिवसांची मजुरी निघून जाते.

चळवळीच्या वर्तमानपत्रात केसांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. ज्या व्यवस्थेने आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला, त्याच व्यवस्थेने स्वतःच्या घरातील विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरविला. १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हावी बांधवांना एकत्र आणले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. तिकडे अमेरिकेतला लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना १७८६ साली तेथल्या गव्हर्नरने हुकूम काढला की, स्वतंत्र असलेल्या काळ्या स्त्रियांनीसुद्धा केस उघडे ठेवू नयेत, डोक्याला फडके बांधावे. त्यांची पायरी कोणती, हे डोक्याकडे पाहून कळले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. माणसाच्या केसांवर हुकूम चालविणे ही गुलामगिरीची जुनी खूण आहे. त्याच लुइझियानात पुढे एक मुलगी जन्मली. तिचे केस गळाले, त्यातून तिने कंपनी उभी केली आणि त्या कंपनीचा पैसा आपल्या समाजाच्या लढ्यात ओतला. जग तिला मॅडम सी. जे. वॉकर या नावाने ओळखते. तिचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तिचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी मिसिसिपी नदीच्या काठी डेल्टा या गावी तिचा जन्म झाला. तिचे आईवडील ओवेन आणि मिनर्व्हा हे बर्नी नावाच्या गोऱ्या मालकाच्या कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. १८६५ साली अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. त्यामुळे गुलाम म्हणून न जन्मलेले त्या घरातले पहिले मूल म्हणजे सारा. ती पाच वर्षांची असताना, १८७३ साली, इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. एवढ्या दूरच्या काळ्या माणसाचे दुःख जोतीरावांनी आपले मानले. म्हणून सारा आम्हाला परकी नाही.

पण कायद्याने सुटलेला माणूस पोटाच्या फासातून सुटत नाही. ज्या मळ्यावर आईवडील गुलाम होते, त्याच मळ्यावर ते आता वाट्याने कापूस पिकवीत होते. जमीन मालकाची, बी मालकाचे, हिशेबही मालकाचाच. सारा सात वर्षांची होईपर्यंत दोघेही वारले. बहीण लुविनिया हिच्या आधाराने ती नदीपलीकडे व्हिक्सबर्ग शहरात गेली आणि दहाव्या वर्षी लोकांच्या घरची कामे करू लागली. शाळेचे तोंड जेमतेम पाहिले. मेव्हण्याचा जाच असह्य झाला तेव्हा चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स या मजुराशी लग्न केले. १८८५ साली मुलगी झाली, तिचे नाव लीलिया. विसाव्या वर्षी सारा विधवा झाली. पदरात दोन वर्षांची पोर, गाठीला पैसा नाही, अक्षरओळख नावापुरती. आमच्या वस्त्यांतील किती आयाबहिणींची कहाणी अशीच आहे, हे वाचकांना सांगायला नको.

सेंट लुईस या मोठ्या शहरात तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत होते. पोरीला घेऊन ती त्यांच्याकडे गेली. वस्तरा आणि कात्री चालविणाऱ्या हातांना गोऱ्यांच्या लेखी मान नव्हता. पण त्या हातांनी एका विधवेला आसरा दिला. श्रम करणाऱ्या जातींची थोरवी आम्ही मुरबाडकरांना वेगळी सांगावी लागत नाही. २ जानेवारी १९४३ रोजी ज्यांनी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात ब्रिटिशांच्या गोळ्या झेलल्या, ते भाई कोतवाल न्हावी समाजातच जन्मले होते.

सेंट लुईसमध्ये साराने सुमारे अठरा वर्षे लोकांचे कपडे धुतले. उकळत्या पाण्याची कढई, लाकडी पिंप, घासायची फळी आणि हात सोलून काढणारा सोडाखाराचा साबण. दिवसभर वाफेत उभे राहून कमाई दिवसाला एक-दीड डॉलर. त्यातूनच पैसा साठवून तिने लीलियाला टेनेसी प्रांतातील नॉक्सव्हिल येथे काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पाठविले. याच शहरातील काळ्या लोकांच्या चर्चमध्ये शिकलेल्या, नीटनेटक्या राहणाऱ्या काळ्या स्त्रिया तिला भेटल्या. त्यांनी तिला हिणविले नाही, मदत केली. आपणही असे ताठ मानेने जगू शकतो, हा विचार तिच्या मनात तेथे रुजला. दुसरे लग्न याच काळात झाले. पण नवरा दारुडा निघाला आणि तो संसार मोडला.

तिशीच्या आसपास तिचे केस झडू लागले. टाळूला खाज, कोंडा, जखमा आणि जागोजागी टक्कल. हे तिच्या एकटीचे नव्हते, भोवतीच्या असंख्य काळ्या बायकांचे हेच हाल होते. कारणे साधी होती. घरात नळ नाही, न्हाणीघर नाही, म्हणून डोके धुणे महिन्यातून एखाद्या वेळी. धुवायचे तर तोच जाळणारा साबण. खाणे निकृष्ट, काम मोडून टाकणारे, टाळूच्या रोगाला औषध नाही. याचा अर्थ असा की केस गळत होते ते गरिबीमुळे. धनिकाच्या बाईला जो सौंदर्याचा प्रश्न वाटतो, तो कष्टकरी बाईच्या बाबतीत पाण्याचा, अन्नाचा आणि आरोग्याचा प्रश्न असतो. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

त्या वेळी सेंट लुईसमध्ये अ‍ॅनी टर्नबो या काळ्या उद्योजिकेचा केसांच्या औषधांचा धंदा जोरात होता. पोरो हे त्या मालाचे नाव. सारा सुरुवातीला तिचीच विक्रेती होती, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. १९०५ साली सारा डेन्व्हर शहरात गेली. तेव्हा तिच्याजवळ पैसे अगदी नाममात्र होते. एका औषधविक्रेत्याच्या घरी ती स्वयंपाक करू लागली आणि उरलेल्या वेळात केसांचा माल विकू लागली. १९०६ साली चार्ल्स जोसेफ वॉकर या गृहस्थाशी तिने लग्न केले. त्याला वर्तमानपत्री जाहिरातीची जाण होती. तेव्हापासून तिने मॅडम सी. जे. वॉकर हे नाव धारण केले. या नावातही अर्थ आहे. गोरी माणसे काळ्या स्त्रीला, मग ती आजी का असेना, नुसत्या नावाने हाक मारीत. आमच्या म्हाताऱ्या माणसांना गावची पोरेटोरे अरेतुरे करीत, तसाच हा प्रकार. साराने आपल्या नावाआधी मॅडम लावले आणि डब्यावर तेच छापले. ज्याला माल हवा त्याला तो मान तोंडाने उच्चारावाच लागे.

तिने स्वतःच्या मलमाचा डबा बाजारात आणला. केस वाढविणारे अद्भुत मलम असे त्याचे नाव होते. त्यात काय होते? गंधक, पेट्रोलियम जेली, मेण, खोबरेल तेल, मोरचुदाचा अंश आणि वास चांगला यावा म्हणून सुगंध. स्वप्नात एका आफ्रिकी माणसाने आपल्याला ही कृती सांगितली, असे ती सांगे. अ‍ॅनी टर्नबोच्या बाजूने मात्र नक्कल केल्याचा आरोप झाला. बुद्धाच्या मार्गाने चालणाऱ्या आम्हा लोकांना स्वप्नातला दृष्टांत पटण्यासारखा नाही. टाळूच्या रोगावर गंधक वापरण्याची रीत तिच्या आधीपासून होती. तिच्या पद्धतीतला खरा गुण साध्या गोष्टींत होता. डोके वरचेवर धुवायचे, टाळू स्वच्छ ठेवायची, कोंडा काढायचा, मलम चोळायचे, कंगवा स्वच्छ ठेवायचा. ज्या बायकांच्या टाळूला रोग होता, त्यांचा रोग हटला की केस येत. चमत्कार डब्यात नव्हता. स्वच्छतेचे ज्ञान गरिबाच्या घरापर्यंत पोहोचले, हे त्यातले खरे काम.

मग तिने गावोगाव हिंडणे सुरू केले. दक्षिणेत, जेथे काळ्या माणसाला झाडाला लटकावून मारीत, तेथे ही बाई आगगाडीच्या वेगळ्या डब्यात बसून फिरली. चर्चमध्ये, वस्त्यांच्या सभागृहांत, कोणाच्या ओसरीवर ती बायकांना जमवी, एखादीचे डोके धुऊन दाखवी आणि माल विकी. १९०८ साली पिट्सबर्ग येथे तिने मुलीच्या नावाने लीलिया कॉलेज काढले. तेथे बायकांना केशोपचाराचे शिक्षण मिळे. १९१० साली ती इंडियानापोलिस शहरात आली, तेथे कारखाना आणि प्रयोगशाळा उभारली. १९११ साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली. फ्रीमन रॅन्सम या काळ्या वकिलाने कंपनीचा कारभार सांभाळला. पुढे नवऱ्याशी पटेना तेव्हा तिने त्याच्यापासून घटस्फोट घेतला आणि कंपनी आपल्या हाती ठेवली.

पैसा आला तरी पुरुषांनी तिला सहज मान दिला नाही, आणि त्यात तिच्याच समाजाचे पुढारीही होते. १९१२ साली शिकागो येथे काळ्या व्यावसायिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बुकर टी. वॉशिंग्टन, काळ्या समाजाचे त्या काळचे सर्वांत वजनदार पुढारी. मॅडम वॉकर यांना त्यांनी बोलू दिले नाही. शेवटच्या दिवशी त्या स्वतःच उभ्या राहिल्या. कापसाच्या शेतातून धुण्याच्या पिंपापर्यंत, तेथून स्वयंपाकघरापर्यंत आणि तेथून स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या कारखान्यापर्यंत आपण कशा आलो, हे त्यांनी भर सभेत सांगितले. सभा अवाक् झाली. पुढच्या वर्षी त्याच वॉशिंग्टन यांनी त्यांना अधिवेशनात मानाने व्याख्यानाला बोलावले. आमच्या चळवळीच्या व्यासपीठांवर आजही किती बायांना शेवटच्या रांगेत बसवून ठेवतात आणि हारतुरे वाटायला तेवढे पुढे बोलावतात, याचा विचार आमच्या पुढाऱ्यांनी करावा.

कंपनी वाढली तशी तिची विक्रेत्यांची फळी वाढली. कंपनी स्वतः हा आकडा वीस हजारांच्या घरात सांगे. या बहुतेक साऱ्या काळ्या स्त्रिया. गोऱ्यांच्या अमेरिकेत त्यांना दोनच कामे होती, शेतात राबणे किंवा गोऱ्यांच्या घरी धुणेभांडी करणे. मॅडम वॉकर यांनी त्यांना तिसरी वाट दिली. काळा गाऊन, पांढरे पोलके, हातात चामडी पेटी, आणि डोक्यात हिशेब. कित्येकींनी घरे घेतली, मुले शिकविली. १९१७ साली फिलाडेल्फिया येथे या विक्रेत्यांचे पहिले अधिवेशन भरले, दोनशेहून अधिक स्त्रिया आल्या. तेथे जास्त माल खपविणाऱ्या बाईला बक्षीस मिळाले. पण समाजकार्याला जास्त पैसा देणाऱ्या शाखेलाही बक्षीस मिळाले. आणि अधिवेशन संपण्याआधी त्या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार पाठवून काळ्यांच्या हत्याकांडांचा निषेध केला. केसांचे मलम विकणाऱ्या बायकांची सभा देशाच्या प्रमुखाला जाब विचारते, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा!

त्या वर्षी रक्तही तसेच सांडले होते. जुलै १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईस येथे गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. २८ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून सुमारे दहा हजार काळे स्त्री-पुरुष-मुले एक शब्दही न बोलता चालत गेले. त्या मूक मोर्चाच्या संयोजनात मॅडम वॉकर होत्या. काही दिवसांनी हार्लेमच्या पुढाऱ्यांबरोबर त्या निवेदन घेऊन व्हाइट हाऊसवर गेल्या. राष्ट्राध्यक्षांना भेटायला वेळ झाला नाही. सत्तेच्या दारावर ताटकळणे काय असते हे मोर्चेकऱ्यांना कळते.

येथे एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगावीशी वाटते. १९१३ साली लीलियाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १३६ व्या रस्त्यावर कंपनीचे केशोपचार केंद्र उघडले. त्याच वर्षी जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते विद्यापीठ ११६ व्या रस्त्यावर. मध्ये अंतर वीस गल्ल्यांचे. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले आणि मॅडम वॉकर हार्लेममध्ये राहायला आल्या. त्यांच्या भेटीची कथा आम्ही रचणार नाही. पण एकाच शहरात, एकाच काळात, गुलामगिरीतून आलेली एक स्त्री कारखान्याच्या पैशाने आणि अस्पृश्यतेतून आलेला एक तरुण ग्रंथांच्या बळाने माणूसपणाचा दावा मांडीत होता, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

मॅडम वॉकर यांनी पैसा कोठे दिला, हे पाहिले म्हणजे त्यांचे मोठेपण कळते. १९११ साली इंडियानापोलिसच्या काळ्या तरुणांच्या वायएमसीए इमारतीसाठी त्यांनी एक हजार डॉलर दिले. काळ्या मुलामुलींच्या शाळांना, शिष्यवृत्त्यांना, अनाथालयांना त्या देत राहिल्या. १९१९ साली काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संस्थेच्या लिंचिंगविरोधी निधीला त्यांनी पाच हजार डॉलर जाहीर केले. शिवाय त्यांच्या जाहिराती काळ्यांच्या वर्तमानपत्रांत छापल्या जात आणि त्या पैशाने ती पत्रे जगत. या मुद्द्याशी आमच्या वर्तमानपत्रांनी जरा थांबावे. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला, तेव्हा पैसे भरून दिलेली त्याची जाहिरातही केसरीने छापली नाही. आमच्या समाजात आज कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत. पण त्यांच्या जाहिराती कोणत्या पत्रांत जातात, हे त्यांनीच आपल्या मनाला विचारावे.

हडसन नदीच्या काठी, धनदांडग्या गोऱ्यांच्या शेजारात, मॅडम वॉकर यांनी १९१८ साली मोठा वाडा बांधला. तो काळ्या वास्तुशिल्पीकडून, व्हर्टनर टँडी यांच्याकडून, बांधून घेतला. त्यांच्या ऐषारामावर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण गोरा शेजारी जेव्हा काळ्या बाईला त्या रस्त्यावर मोलकरीण म्हणूनच पाहू इच्छितो, तेव्हा तेथे मालकीण म्हणून राहणे हीही एक चळवळच असते. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकाराने २५ मे १९१९ रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५१. मागे ठेवलेली मालमत्ता सुमारे सहा लाख डॉलरची. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग समाजकार्याला द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. थोर विचारवंत ड्यू बॉइस यांनी आपल्या नियतकालिकात त्यांचा गौरव केला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते.

इंडियानापोलिसच्या एका नाट्यगृहात काळ्या प्रेक्षकाकडून गोऱ्यांपेक्षा जास्त पैसे मागितले गेले, तेव्हा मॅडम वॉकर यांनी खटला भरला आणि आपल्या माणसांसाठी आपले नाट्यगृह बांधण्याचे ठरविले. ती इमारत त्यांच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १९२७ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. कंपनी पुढे १९८१ पर्यंत चालली.

मॅडम वॉकर यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. काळ्या बायकांचे कुरळे केस गोऱ्यांसारखे सरळ करायला त्यांनी शिकविले, असा तो आक्षेप आहे. तापविलेला लोखंडी कंगवा त्यांच्या पद्धतीत होता, हे खरे. आपण केस सरळ करणाऱ्या नसून टाळूचे आरोग्य सांभाळणाऱ्या आहोत, अशी त्यांची बाजू होती. वरच्यांचे अनुकरण करून मान मिळत नाही, हे आम्ही बाबासाहेबांकडून शिकलो आहोत, म्हणून हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. पण ज्या बाईच्या डोक्यावर रोगाने केसच उरले नाहीत, तिला आधी निरोगी डोके हवे असते. त्यानंतर केस कसे ठेवायचे हा तिचा अधिकार.

आता पुन्हा आपल्या शहापूर-मुरबाडकडे वळू. केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. लोह कमी पडले की केस गळू शकतात. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप पुन्हा येतात. थायरॉइडचा विकार असेल तर गळतात. टाळूला गजकर्ण झाले असेल तर डॉक्टरी औषध लागते. यातले कोणते कारण आहे हे रक्त तपासल्याशिवाय, डोके पाहिल्याशिवाय मोबाईलवरच्या जाहिरातवाल्याला कसे कळते? बाळंतिणीचे केस आपोआप येण्याच्या वेळेला गोळीचा डबा संपतो आणि श्रेय गोळीला जाते, हे या धंद्याचे गुपित आहे. बहुतेक गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असते. त्याची कमतरता क्वचित कोणाला असते, आणि कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला आहे.

जास्त म्हणजे चांगले, या समजुतीचा धोका महाराष्ट्राने नुकताच पाहिला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव परिसरातील गावांत दोनशेहून अधिक लोकांचे केस काही दिवसांत गळून पडले. लोकांना टक्कल पडले, मुले शाळेत जाईनात. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. हेच सेलेनियम केसांच्या कित्येक गोळ्यांत गुण म्हणून घातलेले असते! थोडे लागते, जास्त झाले की तेच केस पाडते. गरिबाच्या ताटात काय पडते याची तपासणी कोणी करायची? ती शासनाची जबाबदारी आहे, आणि तिला टॉनिकचा डबा हा पर्याय होऊ शकत नाही.

कायदाही वाचकांना माहीत असावा. टक्कल बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, असा आमच्या औषधविषयक नियमांतच निर्बंध आहे. म्हणून हुशार कंपन्या गोळीला औषध म्हणत नाहीत, पूरक आहार म्हणतात. पूरक आहार २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतो आणि औषधासारखी गुण सिद्ध करण्याची कसोटी त्याला लागत नाही. शब्द बदलला की पळवाट तयार. दुसरे जाळे साखळी विक्रीचे. आमच्या शिकलेल्या बेकार पोरांना सांगतात, आधी एवढ्याचा माल घे, मग खाली चार माणसे जोड, मग श्रीमंत हो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी अशा साखळीला बंदी घातली आहे. तरी पोरे फसतात, कारण नोकरी नाही आणि स्वप्न दाखविणारा दारात उभा आहे.

मॅडम वॉकर यांच्या विक्रेत्या आणि या साखळीतली पोरे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेथे बाई आधी हुन्नर शिकली, मग तिच्या हाताला काम मिळाले, मग तिने पैसा कमावला, आणि त्यातला वाटा समाजाला गेला. येथे पोरगा आधी पैसा घालवितो, हुन्नर काहीच शिकत नाही आणि शेवटी आपल्याच मावशी-आत्याच्या घरी डबे टाकून येतो. तेथे गरिबाच्या दुखण्यातून गरिबाची संस्था उभी राहिली. येथे गरिबाच्या दुखण्यातून शहरातल्या कंपनीची तिजोरी भरते. माल दोन्हीकडे केसांचाच. कंपनी लुटारू की शाळा, हे तिच्यातले ज्ञान आणि पैसा कोणाकडे जातो यावरून ठरते.

म्हणून आमचे काही स्पष्ट म्हणणे आहे. शहापूर आणि मुरबाडच्या आमच्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी केसगळतीचा विषय लाजेचा न मानता आरोग्याचा मानावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रियांची रक्ततपासणी होते का, लोहाच्या गोळ्या मिळतात का, याचा जाब तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारावा. तानसा-भातसाच्या काठच्या पाड्यांना नळाचे पाणी हा तर डोके धुण्याइतका साधा हक्क आहे. आणि ज्या तरुण-तरुणींना धंदा करायचा आहे, त्यांनी जरूर करावा. खोबरेल काढावे, साबण करावा, केशकर्तनाचा हुन्नर शिकावा, औषधनिर्माणशास्त्र शिकून खरी प्रयोगशाळा काढावी. फक्त खोटा दावा विकू नये.

आणि जे आधीच वर गेले आहेत, त्यांना शेवटची आठवण. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मबांधवांकडे उत्पन्नाचा विसावा भाग समाजासाठी मागितला होता. शंभरातले पाच रुपये. जेमतेम अक्षरओळख असलेल्या एका धुणे धुणाऱ्या बाईने आपल्या कंपनीच्या भावी नफ्यातले तीन रुपयांतले दोन समाजाच्या नावे लिहिले. आम्ही शंभरातले पाच तरी देतो का?

जयभीम!